अणुअपघातानंतरची मोजणी : लेण्याद्री परिसरासाठी मार्गदर्शन

अणुभट्टीच्या अपघातात बाहेर पडते ते मुख्यतः वायूंच्या आणि अतिसूक्ष्म कणांच्या रूपातले किरणोत्सर्गी द्रव्य. झेनॉनसारखे निष्क्रिय वायू वाऱ्याबरोबर निघून जातात आणि विरतात. आयोडीन-१३१, सीझियम-१३४ आणि सीझियम-१३७ मात्र धुळीला आणि पावसाच्या थेंबांना चिकटून खाली उतरतात; गवतावर, पत्र्यावर, मातीवर, उघड्या पाण्यावर बसतात. भट्टीतले किरण शंभर किलोमीटर धावत येत नाहीत. येते ते द्रव्य, आणि ते जिथे बसते तिथून किरण टाकत राहते. म्हणून अपघातानंतरची मोजणी चार ठिकाणी करावी लागते : हवेत, जमिनीवर, खाण्यापिण्यात आणि माणसाच्या अंगावर वा अंगात. या चारही ठिकाणांची उपकरणे वेगळी आणि एककेही वेगळी असतात.

जुन्नर-आंबेगाव भागात अणुभट्टी नाही. लेण्याद्रीपासून सरळ रेषेत मोजले तर ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र साधारण १०५ किलोमीटरवर आणि तारापूरचे अणुवीज केंद्र साधारण १४५ किलोमीटरवर येते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या पुढच्या दोन २००५ आणि २००६ मध्ये चालू झाल्या. अणुवीज केंद्राभोवतीचे आपत्कालीन नियोजन आपल्याकडे १६ किलोमीटरच्या परिघापुरते केले जाते. जुन्नर तालुका त्याच्या कितीतरी बाहेर आहे, त्यामुळे इथे गावे रिकामी करण्याचा प्रसंग येण्याची शक्यता अगदी कमी. दूध, पालेभाजी आणि पाणी तपासण्याची वेळ मात्र इतक्या अंतरावरही येऊ शकते. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली. दोन दिवसांनी, अकराशे किलोमीटरवरच्या स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर धोक्याची घंटा वाजली आणि जगाला अपघात कळला. ब्रिटनच्या डोंगराळ भागातल्या मेंढ्यांच्या विक्रीवर तेव्हा घातलेली बंधने पूर्णपणे उठली ती थेट २०१२ मध्ये.

एककांचा गोंधळ झाला की चांगल्या मोजणीचाही काही उपयोग राहत नाही. बेकरेल हे द्रव्याच्या क्रियाशीलतेचे माप आहे. सेकंदाला एक अणू विघटित झाला तर एक बेकरेल. दूध, भाजी, माती यांचे आकडे बेकरेल प्रति लिटर वा प्रति किलो असे येतात. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातच पोटॅशियम-४० या नैसर्गिक द्रव्यामुळे चार हजारांच्या आसपास बेकरेल असतात. सिव्हर्ट हे शरीरावरच्या परिणामाचे माप. ते फार मोठे असल्याने व्यवहारात त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसिव्हर्ट, आणि दशलक्षावा भाग, म्हणजे मायक्रोसिव्हर्ट, वापरला जातो. नैसर्गिक स्रोतांतून माणसाला मिळणारी मात्रा जगभरच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे. अणुकेंद्रांमुळे सामान्य नागरिकाला त्यावर वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये, असा दंडक आहे. हातातले उपकरण बहुधा ‘मायक्रोसिव्हर्ट प्रति तास’ दाखवते. ‘प्रति तास’ हे शब्द बातमीत गळले की तासाचा आकडा एकूण मात्रा म्हणून फिरतो. ‘मायक्रो’च्या जागी ‘मिलि’ पडले की आकडा हजारपट होतो. अपघाताच्या दिवसांत बहुतेक अफवा याच दोन चुकांतून पसरतात.

आणखी एक गैरसमज या भागापुरता दूर करायला हवा. खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्या नारायणगावच्या पंचक्रोशीत पसरलेल्या आहेत. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. त्या लहरी आणि अणुकेंद्रकातून निघणारे किरण यांचा काहीही संबंध नाही. किरण मोजणारा गायगर गणक दुर्बिणीजवळ नेला काय किंवा मोबाइलच्या मनोऱ्याखाली नेला काय, त्यामुळे आकडा वाढत नाही.

मोजणीची खरी सुरुवात अपघाताच्या कितीतरी आधी होते. प्रत्येक जागेला स्वतःची नैसर्गिक पातळी असते, आणि ती माहीत नसेल तर नंतरच्या वाढीव आकड्याला अर्थ राहत नाही. दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, युरेनियम आणि थोरियमच्या बाबतीत गरीब आहे. ग्रॅनाइटच्या प्रदेशाच्या मानाने इथली जमीन कमी किरण टाकते. केरळच्या चवरा-करुनागपल्ली किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे जे आकडे रोजचे मानले जातात, ते जुन्नरमध्ये दिसले तर धावपळ करावी लागेल. बेसाल्टवर चांगल्या उपकरणाने उघड्यावर साधारण तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्ट किंवा त्याहून कमी अशी नोंद अपेक्षित असते. हाच दर वर्षभर धरला तर ०.९ मिलिसिव्हर्टच्या आत राहतो.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी अशी नोंद कशी घ्यावी, हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. जागा उघडी, सपाट, भिंतीपासून आणि वाहनांपासून दूर असावी. उपकरण जमिनीपासून एक मीटर उंचीवर, लाकडी तिपाईवर वा काठीला बांधून ठेवावे. लहान गायगर नळी अशा जागी मिनिटाला वीसएक ठोके देते. पहिल्या मिनिटात १७ येतील, दुसऱ्यात २४, तिसऱ्यात १९. नवशिक्या माणूस २४ पाहून दचकतो. अणूंचे विघटन आपोआप आणि अनियमित होते. मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार त्यात गृहीतच असतो. २० ठोक्यांना साडेचारचा फरक म्हणजे वीस-बावीस टक्के झाले. तीच मोजणी दहा मिनिटे केली तर २०० ठोक्यांना १४ चा फरक, म्हणजे सात टक्के. म्हणून नोंद दहा मिनिटांच्या खाली घेऊच नये, आणि अशा तीन नोंदींची सरासरी वहीत लिहावी. सोबत तारीख, वेळ, हवामान, उपकरणाचे नाव आणि क्रमांक लिहावा.

मग सुमारे तीनशे पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या लेण्यात तेच उपकरण नेले तर आकडा थोडा बदलतो, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. वरचा खडक आकाशातून येणारे विश्वकिरण अडवतो. उलट खाली, वर आणि तिन्ही बाजूंना कातळ असल्याने खडकाचा स्वतःचा वाटा वाढतो. बंदिस्त जागेत रेडॉन हा नैसर्गिक किरणोत्सर्गी वायूही साठू शकतो. म्हणून लेण्यातला आकडा पायथ्याच्या आकड्याशी ताडून पाहू नये. आज ज्या जागी, ज्या उंचीवर, ज्या उपकरणाने मोजले, उद्या तिथेच, तसेच आणि त्यानेच मोजावे. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालणारी ‘किरणोत्सर्गमापक’ ॲप्स या कामाला निरुपयोगी आहेत; नैसर्गिक पातळीच्या आसपास ती भरवशाचे काही सांगू शकत नाहीत.

पावसाळ्यातली एक फसगत आधीच ओळखून ठेवावी. जमिनीतून निघणाऱ्या रेडॉनची हवेतली अपत्यद्रव्ये पावसाबरोबर खाली येतात आणि जोराची सर आली की गणकाचे ठोके वाढतात. कुठेही अपघात झालेला नसताना हे घडते. मोटारीच्या ओल्या टपावरून कागद फिरवून तो गायगर नळीसमोर धरला तर वाढ स्पष्ट दिसते. ही द्रव्ये शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ आहेत. त्यांचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे द्रव्य विघटित व्हायला लागणारा वेळ, अर्ध्या तासाच्या आत आहे. म्हणजे तोच कागद दोन-तीन तासांनी पुन्हा मोजला की आकडा पूर्वपदावर येतो. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल आठ दिवसांचा आणि सीझियम-१३७ चा तीस वर्षांचा. दुपारी वाढलेला आकडा संध्याकाळी तसाच राहिला, तरच पुढे कळवण्यासारखे काही आहे. प्रयोगशाळेशिवाय हाती येणारी यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

अपघाताची बातमी आल्यावर पहिला प्रश्न वाऱ्याचा. लेण्याद्रीच्या दृष्टीने ट्रॉम्बे पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे आहे, तारापूर पश्चिम-वायव्येला. पावसाळ्यातला समुद्रावरून येणारा वारा ट्रॉम्बेची हवा सह्याद्रीकडे आणू शकतो. उन्हाळ्यातला पश्चिम-वायव्य वारा तारापूरच्या बाजूचा. हिवाळ्यातले पूर्वेकडचे वारे दोन्हीकडची हवा समुद्रावर नेतात. ताशी पंधरा किलोमीटरचा वारा तारापूरहून इथे पोचायला दहाएक तास घेतो. नोंदी सुरू करायला तेवढा अवधी पुरेसा आहे.

वाऱ्याहून महत्त्वाचा पाऊस. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अपघातात इताते हे डोंगरातले गाव केंद्रापासून चाळीसएक किलोमीटरवर, म्हणजे रिकाम्या केलेल्या वीस किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर होते. १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला, पाऊस आणि बर्फ पडले, आणि हवेतले सीझियम नेमके त्या डोंगरांवर उतरले. केंद्राजवळच्या काही गावांपेक्षा तिथली जमीन जास्त दूषित झाली, आणि तरीही गाव हलवण्याचा निर्णय एप्रिलमध्ये झाला. नकाशावर कंपासने काढलेले वर्तुळ आणि जमिनीवर बसलेला खरा डाग यांतला हा फरक जपानी गावकऱ्यांनी सोसला. जुन्नरच्या बाबतीत तो फार लागू आहे. नाणेघाट, आंबे-हातवीज आणि भीमाशंकरच्या बाजूला जो पाऊस कोसळतो, त्याचा छोटा अंशच ओतूर-बेल्ह्याकडे पोचतो. एकाच तालुक्यात घाटमाथ्यावरची नोंद आणि पूर्वेकडची नोंद कित्येक पट वेगळी येऊ शकते. तहसील कचेरीच्या आवारातल्या एका आकड्यावरून सगळ्या तालुक्याला धीर देणे किंवा सगळ्या तालुक्याला घाबरवणे, दोन्ही चूक.

जमिनीवरची नोंद घेताना उपकरण पातळ पॉलिथिनच्या पिशवीत बांधावे. दूषित धूळ उपकरणालाच चिकटली तर ते जाईल तिथे वाढीव आकडा दाखवत राहते. फेरी संपली की पिशवी काढून मूळ जागी पुन्हा मोजावे. आकडा फेरीआधीच्या इतकाच आला तर फेरीतल्या नोंदी ग्राह्य धराव्यात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने एक मीटर उंचीवरच्या नोंदींसाठी कृतीचे टप्पे ठरवून दिले आहेत. तासाला १००० मायक्रोसिव्हर्ट असेल तर ताबडतोब स्थलांतर. पहिल्या दहा दिवसांत १०० असेल तर काही दिवसांत लोकांना दुसरीकडे हलवण्याची तयारी. आणि नैसर्गिक पातळीच्या वर १ मायक्रोसिव्हर्ट असेल तर तपासणी होईपर्यंत त्या भागातले दूध, पालेभाजी आणि साठवलेले पावसाचे पाणी वापरणे थांबवणे. पहिले दोन टप्पे इतक्या अंतरावर येणे अवघड आहे. तिसरा टप्पा नेहमीच्या पातळीच्या दहापट असल्याने साध्या गायगर गणकालाही दिसतो, आणि जुन्नर-आंबेगावसाठी तोच महत्त्वाचा.

दुधाचा विचार स्वतंत्र आणि सविस्तर करायला हवा, कारण या दोन्ही तालुक्यांत अनेक घरी गाई आहेत आणि मंचर-नारायणगावच्या परिसरातून रोज दुधाचे टँकर भरून जातात. गाय दिवसभरात मोठ्या क्षेत्रावरचे गवत खाते, म्हणजे तेवढ्या क्षेत्रावर बसलेले आयोडीन गोळा करते. ते दोन-तीन दिवसांत दुधात सर्वाधिक होते. ते दूध पिणारे मूल असेल तर आयोडीन त्याच्या चिमुकल्या थायरॉईड ग्रंथीत साठते. चेर्नोबिलच्या परिसरात लहानपणी असे दूध प्यालेल्यांमध्ये थायरॉईडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण २००५ पर्यंत नोंदले गेले. इंग्लंडमध्ये १९५७ च्या ऑक्टोबरात विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातले दूध काही आठवडे ओतून देण्यात आले. मुले वाचवायची तर दूध थांबवावे लागते, हे तेव्हापासून माहीत होते. चेर्नोबिलला ते वेळेवर झाले नाही.

दुधातले आयोडीन हातातल्या गायगर गणकाने कळत नाही. प्रति किलो १००० बेकरेल आयोडीन-१३१ किंवा २०० बेकरेल सीझियम-१३७ ही अन्नासाठीची आंतरराष्ट्रीय कृतिपातळी आहे, आणि ती ओळखायला शिशाच्या जाड भांड्यात बसवलेला सोडियम आयोडाइडचा किंवा जर्मेनियमचा शोधक लागतो. तो गॅमा किरणाची ऊर्जा मोजून द्रव्य ओळखतो : आयोडीन-१३१ ची खूण ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, सीझियम-१३७ ची ६६२ वर. त्यामुळे गणक दुधाच्या कॅनला लावून ‘दूध चांगले आहे’ असे कुणी सांगितले तर ते मानू नये.

गावाचे काम नमुना नीट घेण्याचे. संकलन केंद्रावर कॅन ढवळून एक लिटर दूध स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावे आणि थंड ठेवावे. चिठ्ठीवर गाव, तारीख, सकाळचे की संध्याकाळचे, आणि जनावर रानात चरत होते की गोठ्यात होते, हे लिहावे. वेळ लिहिली नाही तर नमुना निम्मा वाया जातो, कारण आयोडीन रोज कमी होत असते आणि प्रयोगशाळेला मोजलेल्या आकड्यावरून नमुना घेतला त्या घटकेचा आकडा काढावा लागतो. पहिल्या दिवशी नमुना स्वच्छ आला म्हणून थांबू नये. किमान आठवडाभर रोज घ्यावा. त्याच वेळी जनावरे गोठ्यात बांधावीत. झाकून ठेवलेला कडबा, बंद पिशवीतला मुरघास आणि विहिरीचे किंवा बोअरचे पाणी द्यावे. उघड्यावर पडलेले उसाचे वाढे घालू नयेत. शेळीच्या थायरॉईडमध्येही आयोडीन साठते. म्हणून खाटकाकडून मिळणारी ती ग्रंथी तज्ज्ञांना उपयोगी नमुना वाटते.

चेर्नोबिलनंतर महाराष्ट्रात नेमका दुधाच्याच पदार्थावरून वाद झाला होता. आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्यात किरणोत्सर्गी अंश असल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि लोणी खाण्यास निर्धोक असल्याच्या तिच्या निष्कर्षावरून १९८८ मध्ये निकाल दिला. या वादामागचे विज्ञान मराठी स्वयंपाकघराला सहज कळेल. सीझियम दुधाच्या पाणीदार भागात राहते. लोणी काढले की ते बहुतांश ताकात जाते, लोण्यात फार थोडे येते, आणि कढवलेल्या तुपात जवळजवळ काहीच उरत नाही. दुधाची भुकटी केली तर उलट होते : पाणी उडते, द्रव्य राहते, आणि प्रति किलो आकडा कितीतरी वाढतो. भुकटीचा आकडा आणि ओल्या दुधाचा आकडा शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे सुक्या आणि ओल्या मिरचीचे वजन ताडणे.

भाजीपाल्यात मेथी, कोथिंबीर, पालक आधी तपासावेत. पान जितके रुंद तितके त्यावर जास्त बसते. टोमॅटो आणि द्राक्षांचा क्रम त्यानंतर. कांदा आणि बटाटा मातीखाली असल्याने पहिल्या आठवड्यात ते सुरक्षित असतात. नमुना किलोभर, न धुतलेला घ्यावा आणि तसे लिहावे. पाण्यात पागोळीचे पाणी व उघड्या टाक्या आधी, माणिकडोह-डिंभे यांसारखी धरणे नंतर. एवढ्या साठ्यात द्रव्य विरळ होते. विहिरी शेवटी.

माणसाच्या अंगावरची तपासणी बूट, हात आणि केस यांपासून करावी. कपडे बदलून साबणाने आंघोळ केली की अंगावरची बहुतेक धूळ जाते. पोटॅशियम आयोडाइडची गोळी थायरॉईडमध्ये किरणोत्सर्गी आयोडीन शिरू देत नाही, पण ती दूषित हवा येण्याच्या थोडी आधी किंवा नंतर काही तासांतच उपयोगी पडते, सीझियमवर तिचा काही परिणाम नाही, आणि शासनाने सांगितल्याशिवाय ती घेऊ नये. टिंक्चर आयोडीन पिणे घातक आहे.

अधिकृत मोजणी भाभा अणुसंशोधन केंद्र करते. देशभर बसवलेली त्याची शेकडो गॅमा नोंदयंत्रे सतत आकडे पाठवत असतात, आणि अणुवीज केंद्रांजवळच्या त्याच्या पर्यावरण प्रयोगशाळा हवा, दूध, मासे, माती नियमित तपासतात. नियमनाचे काम १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ तळेगाव भागात असते. ३० जुलै २०१४ च्या माळीणच्या दरड-दुर्घटनेत आंबेगावकरांनी तिचे काम पाहिले आहे. किरणोत्सर्गी आपत्तीचेही प्रशिक्षण या दलाला असते. गावातल्या वहीत संशयास्पद नोंद आली तर ती समाजमाध्यमावर टाकण्याआधी तहसीलदारांना किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावी, आणि कळवताना नेहमीची पातळी, आजची पातळी, जागा, उंची, वेळ आणि पाऊस होता की नव्हता, हे सगळे सांगावे.

शासनाकडून आलेल्या आकड्यालाही हेच प्रश्न विचारण्याचा अधिकार नागरिकांना आहे. फुकुशिमानंतर जपानी नागरिकांनी स्वतः उपकरणे घेऊन रस्तोरस्ती नोंदी केल्या आणि जगाला खुल्या केल्या. ते काम मोलाचे ठरले, पण अपघाताआधीचे गावोगावचे आकडे त्यांच्याजवळ नव्हते. जुन्नर-आंबेगावातल्या माध्यमिक शाळा आणि महाविद्यालयांच्या विज्ञान विभागांनी ते आज गोळा करावेत. एक प्रमाणित उपकरण, एक तिपाई, घाटमाथ्यापासून बेल्ह्यापर्यंत ठरलेल्या दहा-बारा जागा, आणि दर महिन्याला प्रत्येक जागी तीन वेळा दहा मिनिटे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरीच्या आधी आणि सरीनंतर एकेक नोंद जास्तीची घ्यावी.